दोन सूत

विमान आपोआप डावीकडे ओढत होतं.
हात काढून घेतला तरी, वारा शून्य ठेवला तरी,
उत्तरेला तोंड केलं की पाच मिनिटांत समुद्रावर.
जॉयस्टिक सेकंडहँड. विकणारा म्हणाला होता,
चालू आहे, फक्त जरा हट्टी आहे.

तळाला चार स्क्रू, त्यातला एक आधीच गेलेला.
आत कार्बनची पट्टी, नखाएवढी कोर,
आणि ती झिजलेली बरोबर मध्यावर,
जिथे काठी काहीच न करता उभी असते.
मला वाटायचं वस्तू टोकाला झिजतात.

लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर आणला, डाळीएवढा,
आणि चुंबक. हे एकमेकांना शिवत नाहीत,
लांबूनच ओळखतात कोण किती वळलं.
नागदेवीत हकीमुद्दीनभाईंनी स्प्रिंगांची परात पुढे ढकलली.
कशाला हवी?
विमानाला, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला
आणि सहा रुपये जास्त लावले.

अण्णा पलंगावरून बघत होते.
बत्तीस वर्षं लेथवर, कुर्ल्याला, कंपनी बंद पडेपर्यंत.
विमानांची पोटं त्यांना पाठ आहेत;
असल्फ्याच्या टेकडीवरून ती चाकं सोडून उतरतात,
आमच्या टाकीचं झाकण उचलतील इतकी खाली.
आतून मात्र एकही पाहिलेलं नाही.
"दे जरा," म्हणाले.

विमान शहारलं.
त्यांचा उजवा हात दोन वर्षं थरथरतो
आणि नवा सेन्सर काहीच पोटात घालत नाही.
पंख वरखाली, क्षितिज वरखाली,
सांताक्रूझची धावपट्टी परातीतल्या पाण्यासारखी.

रात्री ते झोपल्यावर सेटिंग उघडलं.
डेड झोन. मधली मुकी जागा,
जिथे हात हलतो आणि विमानाला कळत नाही.
आठ टक्के केली. थरथर मावेल एवढीच.
कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

सकाळी चहाआधीच बसले.
विमान सरळ. खाली खाडी, मग विक्रोळी.
मी गॅसपाशी, पाठमोरी.
"मधे प्ले आहे."
"नाही, अण्णा."
"आहे. हँडल फिरतं आणि टूल हलत नाही.
असल्या मशीनवर मी जॉब लावला नसता."
मी म्हटलं, तुमच्यासाठीच तर
"काढ तो."

शून्य केलं. थरथर परत आली.
ते बघत राहिले, स्क्रीनकडे नाही, मनगटाकडे,
बिघडल्या बेअरिंगचा आवाज ऐकावा तसे.
मग काठीला टिचकी मारली.
"आखूड आहे. आखूड काठीला हात मोठा वाटतो."

दुपारी साकीनाक्याला गेले, तोरसकरच्या वर्कशॉपात,
मला न घेता, उन्हाची छत्री घेऊन.
संध्याकाळी फडक्यातून निघाली ॲल्युमिनियमची नळी,
दोन्ही टोकांना आटे, वायरीसाठी आरपार भोक,
कटिंग ऑइलचा वास.
लेथवर हात कुणाचा होता, तोरसकरचा की यांचा,
विचारलं नाही. आटे मात्र बोटांनीच बसत गेले,
शेवटपर्यंत, कुठेही न अडता.

पट्टी लावली. सहा इंच आणि वर दोन सूत.
"दोन सूत कशाला?"
"राहू दे. कमी पडलं तर जोडता येत नाही."

आता जॉयस्टिक जमिनीवर, पाटावर,
काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधून वर आलेली.
हात तेवढाच थरथरतो.
विमान अंगावरची माशी झटकल्यासारखं करतं
आणि उतरत राहतं.
घाटकोपर, टेकडी, आमची टाकी.
टाकी कुणी काढलेली नाही त्यात, नुसता हिरवट चौकोन.
"घर कुठे?"
"गेलं. मागे राहिलं."
तेवढ्यात वरून खरं एक गेलं, काचा वाजल्या,
अण्णांनी मान वर केली नाही.
नाक हळूच उचलून धरलं,
डावीकडे कललेले, पण थोडेच.
चाक टेकलं.
मग दुसरं.